बार्शी लाईट ते मॅनिफोल्ड : आगगाडीच्या परवान्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या आणि हवा चक्क चांगली होती (इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मंडळींना या 'चक्क'चा अर्थ वेगळा सांगायला नको!). आम्ही चौघांनी सायकली गाडीवर चढवल्या आणि स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात गेलो. वॉटरहाऊसेस ते हल्म एंड असा आठ-सव्वाआठ मैलांचा हा रस्ता मुख्यतः चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. फारसा चढ नाही, बाजूला नदी, मध्ये एक बोगदा. हल्म एंडला पोचल्यावर थालीपीठ-चटणीचा डबा उघडला आणि मग समजलं की आपण ज्यावरून आलो तो एका जुन्या आगगाडीचा मार्ग होता. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. पुढे १९३७ मध्ये तिथे ही पायवाट झाली. ती रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव वाचलं आणि मी उडालोच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप!

माझं गाव बार्शी. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. कॅलथ्रॉपसाहेबांचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलो, कारण आमची 'बार्शी लाईट' त्यांनीच बांधली. आजीबरोबर पंढरपूरला जाताना खिडकीजवळच्या जागेसाठी मी केलेली भांडणं मला अजून आठवतात. सात समुद्र ओलांडून आलो, इथेच एम. एस्सी. केलं, इथेच संसार थाटला आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर ही बार्शी लाईटची धाकटी बहीण निघाली!

मुलीला हे सगळं उत्साहाने सांगत होतो. तिचा प्रश्न मात्र भलताच होता. "बाबा, एवढ्याशा गाडीलासुद्धा परवानगी लागायची? आणि ती द्यायचं कोण?" उत्तर मला नीट देता आलं नाही. मग हिवाळाभर ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरच्या यंत्रणा सांभाळतो. तरी या गोष्टीत माझ्या धंद्याचंही बरंच काही सापडलं.

आधी रूळ, मग कायदा

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं थाटात उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी विल्यम हस्किसन हे खासदार 'रॉकेट' इंजिनाखाली सापडून मरण पावले. तेव्हा रेल्वे काढायची तर पार्लमेंटकडून कायदा करून घ्यावा लागे. पण तो मुख्यतः जमिनी घेण्यासाठी आणि भांडवल उभं करण्यासाठी. रूळ नीट बसलेत का, पूल भार सोसेल का, हे पाहणारं सरकारी माणूस कुणी नव्हतं.

ते आलं १८४० च्या कायद्याने. नवा मार्ग उघडण्यापूर्वी बोर्ड ऑफ ट्रेडला महिनाभर आधी कळवायचं आणि सरकारी निरीक्षकाला तपासणी करू द्यायची, असं ठरलं. हे निरीक्षक सैन्यातल्या रॉयल इंजिनिअर्समधून घेतले, कारण देशातले बाकी बहुतेक जाणकार इंजिनिअर कुठल्या ना कुठल्या रेल्वे कंपनीशी बांधलेले होते. तपासणाऱ्याचा तपासल्या जाणाऱ्या कामात पैशाचा संबंध नसावा, हे तत्त्व तेव्हापासूनचं. गंमत म्हणजे, मार्ग धोक्याचा दिसला तरी उद्घाटन थांबवण्याचा अधिकार निरीक्षकाला नव्हता. तो दोन वर्षांनी, १८४२ च्या कायद्याने मिळाला.

सही मिळाली म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७८ च्या फेब्रुवारीत तपासून पास झाला. जोराचा वारा सुटलेला असताना गाडी पुलावरून जाते तेव्हा काय होतं ते पाहायला आवडेल, असं निरीक्षकांनी अहवालात लिहिलंही होतं. ते पाहणं राहून गेलं. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री गाडी पुलावर असताना पुलाचे मधले गाळे कोसळले. गाडीतला एकही माणूस वाचला नाही. सुमारे ७५ जीव गेले.

आर्माची सहल

नियमांच्या या इतिहासात सगळ्यात मोठं वळण आणलं ते एका सहलीने. १२ जून १८८९ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा गावातून रविवारच्या धर्मशाळेची मुलं, शिक्षक आणि पालक समुद्रावर निघाले होते. पंधरा डबे खच्चून भरले होते. पुढे चढ लागला आणि इंजिनाला ओझं ओढेना. तेव्हा गाडी मध्येच तोडून पुढचे पाच डबे आधी वर न्यायचे असं ठरलं. मागचे दहा डबे हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, दगड चिरडले गेले आणि ते दहा डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं मेली. त्यात लहान मुलं पुष्कळ होती.

त्या गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. डबे जोडलेले असतील तरच तो चाले. गाडी तोडली की ब्रेक गेला. याउलट 'ऑटोमॅटिक' प्रकारात नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. आमच्या धंद्यात याला 'फेल-सेफ' म्हणतात, म्हणजे बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा. मागची गाडी सोडताना पुढची कुठवर पोचली हे विचारायची पद्धतही त्या मार्गावर नव्हती. ठरावीक मिनिटं गेली की पुढची गाडी सोडायची.

निरीक्षक मंडळी ऑटोमॅटिक ब्रेकची शिफारस कित्येक वर्षं करत होती. कंपन्या खर्चाचं कारण देत होत्या. आर्मानंतर अडीच-तीन महिन्यांत, ३० ऑगस्ट १८८९ रोजी कायदा झाला. प्रवासी मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या करण्याचा अधिकार सरकारला मिळाला : एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सांधे आणि सिग्नल यांची एकमेकांत कुलूपबंद जुळणी, आणि सगळ्या डब्यांना आपोआप लागणारा ब्रेक. आज मुंबईच्या लोकलपासून आमच्या डर्बीच्या दोन डब्यांच्या गाडीपर्यंत सगळीकडे याच तीन गोष्टी पायाला आहेत.

गरिबाची रेल्वे

आता आमच्या कॅलथ्रॉपसाहेबांकडे येतो. मोठ्या मार्गांसाठी केलेले नियम छोट्यांना परवडेनात. खेड्यातलं दूध, कापूस, धान्य नेणारी रेल्वे सिग्नल आणि फाटकं यांच्या खर्चानेच बुडेल अशी ओरड होती. म्हणून १८९६ साली ब्रिटनमध्ये 'लाईट रेल्वे'चा कायदा झाला. पार्लमेंटकडे न जाता आयुक्तांकडून कमी खर्चात परवानगी मिळू लागली. काही फाटकं नसली तरी चालेल, सिग्नल कमी असले तरी चालेल. बदल्यात वेग साधारणपणे ताशी २५ मैलांच्या आत ठेवायचा, अवघड जागी त्याहून कमी, आणि चाकांवरचा भार मर्यादेत. थोडक्यात, सवलत मिळेल, पण तिची किंमत वेगात आणि वजनात मोजायची.

कॅलथ्रॉप याच विचाराचे होते. १८८२ मध्ये ते जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी मुख्य मार्गापासून वीसेक मैल बाजूला पडली होती. तिथे स्वस्तातली, तरीही पक्की रेल्वे बांधता येईल असं त्यांनी धरून ठेवलं. त्यांचं सूत्र सोपं होतं : इंजिन असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, आणि रूळ हलके असले की पूल आणि भराव स्वस्तात होतात. १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ त्यांनी आपली इंजिनं आणि डबे रुळावर चालवून दाखवले. १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटर! वारीच्या दिवसांत तिने किती वारकरी वाहिले असतील त्याला गणतीच नाही. हाच अनुभव घेऊन त्यांनी मॅनिफोल्डची गाडी बांधली. म्हणजे इंग्लंडमधला नमुना आपल्याकडे गेला असं नव्हे, आपल्या बार्शीचा नमुना इंग्लंडात आला!

वडील सांगायचे, या गाडीची लोक चेष्टा करत, पण वर्कशॉपमध्ये चेष्टा नव्हती. हातोडीने चाकावर टकटक करून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर चाक बाजूला. "दुसऱ्यानं बघितलंय म्हणून आपण सही करायची नाही" हे त्यांचं वाक्य. घरातला गॅसचा नॉबसुद्धा आई बंद करून आली तरी ते पुन्हा जाऊन बघत आणि त्यावरून रोज वादावादी होई.

ॲबरम्यूलची पिशवी

हे वाक्य किती खरं आहे ते वेल्समधल्या ॲबरम्यूल स्टेशनावर २६ जानेवारी १९२१ रोजी दिसलं. केंब्रियन रेल्वेचा तो एकेरी मार्ग. आपल्याकडेही एकेरी मार्गावर ड्रायव्हर धावत्या गाडीतून कातडी पिशवी अडकवलेलं कडं घेताना तुम्ही पाहिलं असेल. त्या पिशवीत पुढच्या टप्प्याचं टोकन असतं आणि ते हाती असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. एका टप्प्याचं एका वेळी एकच टोकन यंत्रातून निघतं, त्यामुळे समोरासमोर टक्कर होणं शक्यच नाही. कागदावर तरी नाही.

त्या दिवशी पॅसेंजर गाडीच्या ड्रायव्हरने मागच्या टप्प्याचं टोकन स्टेशनावर दिलं. ते या हातातून त्या हातात गेलं आणि पुढच्या टप्प्याचं समजून त्याच ड्रायव्हरला परत मिळालं. त्यावर स्टेशनांची नावं कोरलेली होती. देणाऱ्याने वाचली नाहीत, घेणाऱ्यानेही वाचली नाहीत. समोरून एक्स्प्रेस येत होती. १७ जण मेले. त्यात त्याच रेल्वे कंपनीचा एक संचालकही होता. यंत्र बरोबर होतं, नियम बरोबर होता. प्रत्येकाने फक्त आधीच्या माणसावर विश्वास टाकला.

एक तार आणि माझी एक रात्र

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसं मेली. नवीन सिग्नल यंत्रणा बसवताना एका तंत्रज्ञाने जुनी तार एका टोकाला सोडवली, पण ती कापून, टोक गुंडाळून बाजूला केली नाही. पुढे दुसऱ्या कामात हात लागला आणि ती जुन्या जागी टेकली. सिग्नल लाल व्हायला हवा होता, तो झाला नाही. चौकशीत निघालं की त्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती आणि त्याचं काम दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलंच नव्हतं. त्यानंतर कामाच्या तासांवर मर्यादा आल्या आणि ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही, हा दंडक आला.

हे वाचताना मला घाम फुटला. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या बिलांच्या प्रोग्रॅममध्ये मी शुक्रवारी रात्री एक 'छोटासा' बदल केला. दमलो होतो. टेस्टिंग करणारा सहकारी सुट्टीवर होता. दोन ओळींचा तर बदल, म्हणून मीच तपासला आणि मीच पास केला. जुन्या कोडची एक ओळ काढायची राहिली आणि हजारो लोकांना दोनदा बिलं गेली. सोमवार-मंगळवार माफीची पत्रं लिहिण्यात गेले. कुणी मेलं नाही, कारण ती बिलं होती, सिग्नल नव्हते. फरक एवढाच.

परवाना एक नव्हे, तीन

१९९३ च्या कायद्याने ब्रिटनमधली सरकारी रेल्वे तोडून रूळ एका कंपनीकडे आणि गाड्या अनेक कंपन्यांकडे गेल्या. तेव्हापासून गाडी चालवायची तर नियामकाचा परवाना लागतो. आज तो ओ. आर. आर. ही संस्था देते. कंपनीची पत, आर्थिक ताकद, जाणकार माणसं आणि विमा हे सगळं त्यात पाहिलं जातं. पण परवाना म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. तो वेगळा. २००६ च्या नियमांप्रमाणे कंपनीला आपली सुरक्षाव्यवस्था लेखी मांडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते जास्तीत जास्त पाच वर्षं चालतं. तिसरा परवाना ड्रायव्हरचा. २०१० च्या नियमांनी तो त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. शिवाय कुठली गाडी आणि कुठला मार्ग त्याला येतो याचं प्रमाणपत्र कंपनी देते. आणखी एक मजा पाहा : हौशी मंडळींच्या ज्या जुन्या वाफेच्या गाड्या ताशी ४० किलोमीटरच्या, म्हणजे साधारण २५ मैलांच्या आत चालतात, त्यांना या सुरक्षा प्रमाणपत्रातून सूट आहे. सुरक्षाव्यवस्था मात्र त्यांनाही लेखी ठेवावी लागते. १८९६ चा तो २५ मैलांचा आकडा अजून जिवंत आहे!

ही घडी सुखासुखी बसली नाही. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला एक लोकल लाल सिग्नल ओलांडून समोरच्या एक्स्प्रेसवर आदळली. ३१ जण मेले. तो सिग्नल त्याआधी सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर अपघातांचा तपास करणारी स्वतंत्र संस्था २००५ पासून काम करू लागली. तिने कारण शोधायचं, कुणाला शिक्षा द्यायची नाही. नियम करणारा वेगळा, गाडी चालवणारा वेगळा, अपघात तपासणारा वेगळा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ही गोष्ट बरीच आधी सुचली होती हे वाचून मला अभिमान वाटला. १९३७ च्या बिहारमधल्या बिहटा अपघातानंतर इंजिनांची चौकशी करायला समिती नेमली गेली. निरीक्षकांनी रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असणं बरं नव्हे, असं त्या समितीने नोंदवलं. १९४१ मध्ये ते बोर्डापासून वेगळे करून टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. १९६१ पासून त्यांचं नाव रेल्वे सुरक्षा आयोग झालं. आजही हा आयोग रेल्वे मंत्रालयाकडे नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. आयुक्तांनी तपासल्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू होत नाही. २००८ पर्यंत आमची बार्शीची गाडी ब्रॉडगेज झाली, तेव्हा "आयुक्तसाहेब कधी येणार?" हीच चर्चा गावात होती.

पण आयोगाचं काम मुख्यतः शिफारशींचं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये कायद्याने अधिकार दिलेलं वेगळं सुरक्षा प्राधिकरण नेमा असं सुचवलं. २०२३ पर्यंत तरी ते उभं राहिलं नव्हतं. आणि २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ २९० हून अधिक माणसं गेली. आयुक्तांच्या चौकशीत काय निघालं? पूर्वी केलेल्या सिग्नलच्या तारांच्या बदलातली चूक आणि त्या दिवशीच्या फाटकाच्या कामातली त्रुटी. क्लॅपहॅमला पस्तीस वर्षं होत आली होती. चुकीची तार मात्र तीच.

इथलं सगळं आलबेल आहे असंही समजू नका. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी वेल्समध्ये टॅलर्डिगला, त्याच ॲबरम्यूलच्या केंब्रियन मार्गावर, दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि एक प्रवासी गेला. मार्गावर आधुनिक संगणकी यंत्रणा आहे. पण निसरड्या रुळावर चाकांखाली वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या. परवाना, प्रमाणपत्र, संगणक सगळं होतं. नळी होती तुंबलेली.

हे सगळं वडिलांना फोनवर सांगितलं. ते आता थकलेत, ऐकूही कमी येतं. म्हणाले, "मग ती नळी बघायचं काम कुणाचं होतं?" मी म्हटलं, "बाबा, ते चौकशी करणारे शोधतायत." ते म्हणाले, "शोधू देत. पण बघणाऱ्याला वेळ दिला होता का, तेही विचारा म्हणावं."

आमच्या सकाळच्या गाडीत दार लागत नाही म्हणून दहा मिनिटं खोळंबा झाला की मी पूर्वी सगळ्यांबरोबर चरफडायचो. हल्ली घड्याळाकडे बघतो, पण गार्डवर चिडत नाही. आणि शुक्रवारी रात्री कुठलाही बदल, दोन ओळींचा असला तरी, दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही. मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही आता देता येतं : होय बाळा, एवढ्याशा गाडीलासुद्धा परवानगी लागते, कारण तिच्यातही कुणाची तरी आजी आणि नात बसलेली असते.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी बार्शी लाईटचे जुने फोटो किंवा तिकिटं असतील तर गणेशोत्सवाला जरूर घेऊन या. पुढच्या उन्हाळ्यात मॅनिफोल्डला मंडळाची सायकल-सहल काढावी असाही विचार आहे. थालीपिठं माझ्याकडे लागली!